वेसनॉथच्या डावांनाही पेपरात जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं बुद्धिबळाचं कोडं मी न चुकता सोडवतो. पण कॉम्प्युटर गेमचं नाव पेपरात आलं की ते पोरं बिघडली याच बातमीत येतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी आणि माझी नववीतली मुलगी मिळून 'बॅटल फॉर वेसनॉथ' खेळतो. डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला हा गेम 2003 साली आला, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), फुकट डाउनलोड होतो. षटकोनी घरांचा पट, एकेक टर्न घेत खेळायचं, म्हणजे डोकं लावायला हवा तेवढा वेळ मिळतो. आणि यातली अर्धी लढाई सैन्य निवडतानाच ठरते, हे मला पटायला बरेच डाव हरावे लागले.

आमचंच सांगतो. आम्ही लॉयलिस्ट, म्हणजे माणसांचं सैन्य, समोर अनडेड, म्हणजे मेलेल्यांची फौज. सैनिक गेममधल्या सोन्याने, म्हणजे गोल्डने, विकत घ्यायचे. भालेवाला 14 गोल्डला मिळतो, स्वस्त आहे म्हणून सहा उभे केले, आणि समोरून आले सांगाडे. आता सांगाड्याला भाला टोचणार कुठे, नुसती हाडंच की! त्याला भाल्याचा मार निम्म्याहूनही कमी लागतो, तलवारीचाही कमीच, आमची फळी एका रात्रीत साफ झाली. मुलगी म्हणाली, बाबा, हाडं फोडायला काहीतरी जड पाहिजे. मग पुढच्या डावात 19 गोल्डचा हेवी इन्फंट्रीमन घेतला, त्याच्या हातात गदा असते, आणि सोबत 20 गोल्डचा मेज, म्हणजे जादूगार, ज्याची जादू शत्रू कुठल्याही जमिनीवर उभा असला तरी 70 टक्के लागते आणि आगीपुढे सांगाडा कच्चाच असतो. युनिट, म्हणजे सैनिक, कमी आली पण डाव जिंकलो.

नुसतं युनिट बरोबर घेऊनही भागत नाही. सहा टर्नचा एक दिवस असतो, आमचे लोक उजेडात 25 टक्के जास्त मारतात आणि रात्री तेवढंच कमी, अनडेडचं बरोबर उलटं. म्हणून अंधार पडला की मागे सरून पटावरची गावं धरायची, तिथे बसलेल्याला दर टर्नला 8 हिटपॉइंट (जीव मोजायचे गुण) परत मिळतात, आणि उजाडलं की तुटून पडायचं. हेवी इन्फंट्रीमन चालायला फार हळू आहे, त्याला पहाटेच्या आधीच हलवावं लागतं, नाहीतर तो पोचेपर्यंत संध्याकाळ.

हा गेम नशिबाचा आहे म्हणणारे खूप भेटतात. एल्फ (गेममधली जंगलात राहणारी जमात) जंगलात उभा असेल तर दहातले सहा-सात वार चुकतात हे खरंय, पण मग त्याला जंगलात जाऊन मारायला सांगितलं कुणी? त्याला उघड्यावर ओढून आणायचं!

माझ्या मुलीला सगळ्यात आवडतो तो शेवटचा वार. लेव्हल 1 च्या शत्रूशी नुसतं लढलं तर अनुभवाचा 1 गुण मिळतो, त्याला मारलं तर 8, त्यामुळे ती मोठ्या योद्ध्याला थांबवते आणि नवख्याला पुढे करते. मोहिमेत, म्हणजे एका गोष्टीतल्या सलग डावांत, मेलेलं युनिट परत येत नाही, म्हणून एकेकाला जपत खेळते, रात्रीचं जेवताना पण तिचं तेच चालू असतं.

तर विनंती एवढीच, महिन्यातून एकदा अशा डावाचं कोडं छापा. पट असा, वेळ संध्याकाळची, खिशात 60 गोल्ड, कोणती युनिट घ्याल? पहिली चार-पाच कोडी आम्ही दोघं बनवून पाठवायला तयार आहोत.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली