साठ वेळा त्याच दारात

सातारा, पंधरा तारीख

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "माझ्या कामाला बाबांसमोर दलाली म्हणू नकोस, अफिलिएट म्हण." इंटरनेटवर दुसऱ्याची लिंक पुढे करून कमिशन घ्यायचं, त्याला म्हणे अफिलिएट! मला हसूच आलं. तीस वर्षं मी घरोघरी जाऊन पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याची बचत, गोळा करते, शंभराच्या हप्त्यामागे चार रुपये घेते, मग मी कोण? बाबांना मी दलालीच सांगितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आईवर गेली." विषय संपला.

तेव्हा लाजेचं सोडून दे. हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. फोनवर तू मध्येच "आई, कॉल येतोय" म्हणतेस, म्हणून लिहितेय.

दिवाळीत तू मला सगळं समजावलंस. डिझायनर फिग्मा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबसाइटचं चित्र काढतो, त्याची चालती वेबसाइट करून देणाऱ्या कोडिंगच्या कंपन्या वेगळ्या, आणि तू त्यांची लिंक पुढे करतेस. लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या ब्राउझरात कुकी नावाची खूण बसते. ठरलेल्या दिवसांत, कुठे तीस तर कुठे नव्वद, त्याने ऑर्डर दिली की कमिशन तुझं. मधेच त्याने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर बहुतेक ठिकाणी शेवटच्याचं. यात मला काहीच नवीन वाटलं नाही. आमच्यातही मी चार महिने चहा पिऊन पिऊन बचतीचं महत्त्व सांगायचं आणि खातं भलतीनेच उघडून न्यायचं, हे चालतंच.

नवीन वाटला तो हिशेब. वीस हजारांच्या एका कामावर तुला दोन हजार मिळतात. मला दोन हजार मिळवायला पन्नास हजार गोळा करावे लागतात, म्हणजे शंभराचे पाचशे हप्ते. त्या रात्री मी खरंच कागदावर मांडून बघितलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

पण आरडी साठ हप्त्यांची असते गं. एकदा खातं उघडून दिलं की मला साठ वेळा त्याच दारात जावं लागतं. कार्डावर सही करायची, पोराबाळांची चौकशी करायची, कुणाचा हप्ता थकला तर दंड लागेल म्हणून आठवण करायची. तुझं कमिशन एकदा आलं की दार बंद. तुला गिऱ्हाइकाचं नावसुद्धा कळत नाही, नुसता आकडा दिसतो.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट सांगते, बाबांशिवाय कुणाला माहीत नाही. तेव्हा सागवानाच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज झाडामागे थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. एका कंपनीचा माणूस माझ्याकडे आला. पोस्टापेक्षा कितीतरी जास्त कमिशन. जमीन कुठे, झाडं कुठे, मी विचारलंही नाही. रंगीत माहितीपत्रक होतं, तेच पुरे वाटलं. वाड्यातल्या काकूंनी माझ्या शब्दावर बारा हजार भरले. पुढे 1999 मध्ये शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने अशा योजनांसाठी नियम केले, पण तोवर आमच्या त्या ऑफिसला कुलूप लागलं होतं.

माझं कमिशन मी काकूंना नेऊन दिलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची आरडीही माझ्याकडेच चालू राहिली. फक्त, आधी त्या नोटा तशाच हातात ठेवायच्या, त्या आता माझ्यासमोर दोनदा मोजून द्यायला लागल्या. पुढचे एकेचाळीस हप्ते. मी मोजलेत.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मसालेवाल्या वहिनींकडे हप्त्याला गेले, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. तू सुचवलेल्या कंपनीकडून करून घेतलेली वेबसाइट. दिसायला झकास, झटकन उघडते, इंग्रजी अक्षरं देखणी. पण मराठी मथळे! शिरोरेषा तुटलेली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, जणू कुणी 'कांदा-लसूण मसाला' कात्रीने कापून ठेवलाय. वेलांट्यांचे आणि मात्रांचे वरचे शेंडे छाटलेले. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं माझाच फोन बिघडला."

शेजारच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, इंग्रजीत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की छान दिसतं, तीच मोकळी जागा मराठीला लावली की रेघ तुटते; आणि दोन ओळींतलं अंतर कमी ठेवलं की वरचं कापलं जातं. कोडमध्ये दोन ओळी बदलायचं काम आहे म्हणे. करणाऱ्याला मराठी वाचता येत नाही, त्याला कसं दिसणार? तुला दिसलं असतं. तू बघितलं नाहीस.

मग वहिनींनी विचारलं, "तुमच्या मुलीला यात काही मिळतं का हो?" मी म्हटलं, "हो, मिळतं." त्या "बरं" म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पण हे त्यांना माझ्याकडून कळायला नको होतं. तूच ना मला सांगितलंस की 2022 मध्ये केंद्र सरकारने जाहिरातींचे नियम काढले, त्यात पैशाचा संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो? मग ते वाक्य लिंकच्या वरच, ठळक आणि मराठीत लिही. तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही. सागवानाच्या माहितीपत्रकातही तळाला बरंच काही होतं.

आणि ज्या कंपनीची शिफारस करशील तिच्याकडून आधी स्वतःच्या पैशाने एक पान करून घे. माझ्यासारख्या स्वस्त फोनवर, रेंज कमी असताना उघडून बघ. फॉर्म भरून मेल पोचते का बघ. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर राहणार, कोडच्या फायली हातात देतात का, काम दिल्यावर किती दिवस फुकट दुरुस्ती करतात, हे लेखी घे. मला यातलं कळत नाही, पण पासबुक कुणाच्या ताब्यात राहतं ते कळतं.

या एका कमाईवर घर मात्र उभारू नकोस. माझ्याकडे पीपीएफचीही, म्हणजे पंधरा वर्षांच्या सरकारी बचत खात्याची, एजन्सी होती. 2011 च्या डिसेंबरपासून त्यावरचं कमिशनच बंद झालं. अमेझॉननेही 2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत आपल्या अफिलिएटांचे दर कापले, हे तुझ्याच तोंडून ऐकलंय. दर ठरवणारा दुसरा असतो.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचं, थोडक्यात: इथली कंपनी वर्षाला वीस हजारांवर कमिशन देत असेल तर दोन टक्के कापेल, ते आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुझ्या नावे जमा दिसतं का बघ. डॉलरमध्ये येतं त्यावर कुणी कापलं नाही म्हणून ते उत्पन्न नाही असं समजू नकोस.

बाबांचा गुडघा बरा आहे. कंदी पेढे पाठवलेत, मैत्रिणींना दे, सगळे एकटी खाऊ नकोस.

आज पंधरा, पहिल्या पंधरवड्यातल्या हप्त्यांचा शेवटचा दिवस. दोनच घरं राहिलीत, त्यातलं एक वहिनींचं. पोस्ट बंद व्हायच्या आत पैसे भरायचेत, म्हणून तीनला त्यांच्याकडे जाईन. पत्राचा फोटो काढून आत्ताच पाठवते. तोवर त्या कंपनीला सांगून ती शिरोरेषा जोडून होते का बघ.

आई