सोनाराच्या चिठ्ठीवर क्लेम मिळत नाही

मा. संपादक यांस,
स.न.

गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि फोंड्यातल्या आमच्या बँकेत लॉकरसमोर नेहमीची गर्दी सुरू झालीय. परवा मीही माझा नंबर येईपर्यंत बाकावर बसले होते, शेजारी दोघीतिघी ओळखीच्या, विषय निघाला दागिन्यांच्या विम्याचा, तर एक म्हणाली विमा काढलाय की गेल्या वर्षीच, एजंटने आकडा विचारला तो सांगितला, झालं. मी विचारलं व्हॅल्युएशन केलंस, म्हणजे दागिने तपासून त्यांच्या वजन-किमतीचा रिपोर्ट घेतलास? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. घरी आले आणि हे पत्र लिहायला घेतलं, कारण आमच्या घरात या एका कागदापायी काय झालं ते मला चांगलं माहीत आहे.

माझी नणंद म्हापशाला राहते. दोन वर्षांमागे चवथीला सगळे पेडण्याला मूळ घरी गेले, पाच दिवसांचा गणपती, परत येऊन बघतात तर मागच्या दाराची कडी उचकटलेली आणि कपाट उघडं. काही दागिने अंगावर होते म्हणून वाचले, पण बिल्वरांची जोडी, कुडी आणि एक माळ गेली. पोलिसात एफआयआर झाली, विमा होताच, म्हणून आम्ही म्हटलं निदान पैसे तरी येतील. कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न केला की या वस्तूंचं वर्णन आणि वजन कुठे लिहिलेलं आहे. नणंदेने काढली काय तर आमच्या जुन्या शेटची, म्हणजे सोनाराची चिठ्ठी, वहीच्या अर्ध्या पानावर, "बिल्वर जोडी, कुडी, माळ" आणि पुढे एकच आकडा सगळ्यांचा मिळून. शेट वारून सहा वर्षं झाली, मुलगा दुसऱ्या धंद्यात, दुकानातल्या वह्या कधीच रद्दीत गेलेल्या.

शेवटी लग्नाच्या अल्बममधले फोटो, जुन्या पावत्या असं काय काय देऊन वस्तू होत्या एवढं मान्य झालं, पण खरा दणका पुढेच होता. विमा काढला तेव्हा दागिन्यांसाठी 6 लाखांचा आकडा टाकलेला आणि दरवर्षी तोच रिन्यू होत गेला. सर्व्हेअरने सगळ्या दागिन्यांची आजची किंमत धरली 15 लाख आणि गेलेला माल 5 लाखांचा. आम्हाला वाटलं 5 हे 6 च्या आत आहेत म्हणजे पूर्ण मिळतील, पण नाही. 15 चा माल आणि विमा 6 चा, म्हणजे तुम्ही पाचात दोन भागच विमा उतरवलाय, तेव्हा नुकसानीचेही पाचात दोनच भाग, हातात 2 लाख. याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात आणि तो पॉलिसीत बारीक अक्षरात असतोच. कंपनीने फसवलं असं मी म्हणत नाही, कागदावर होतं तेच त्यांनी केलं, पण एजंटने पाच वर्षांत एकदा तरी आकडा वाढवा असं सांगायला काय हरकत होती? 2020 मध्ये 10 ग्रॅम सोनं पन्नास-पंचावन्न हजारांना होतं आणि 2025 मध्ये त्याने लाख ओलांडला, एवढं तर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळतं.

त्यानंतर मी माझे आणि आईचे दागिने घेऊन नीट व्हॅल्युअरकडे गेले. नेहमीच्या सोनाराला आधी विचारलं तर तो म्हणाला, "बाय, कागद कित्याक जाय तुका, हांव आसां न्ही!" म्हणजे कागद कशाला हवा, मी आहे ना. त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही, पण तो आहे तोपर्यंत ठीक, नणंदेच्या शेटचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. व्हॅल्युअर म्हणजे सरकारकडे नोंदणी असलेला माणूस, वेल्थ टॅक्स कायद्याच्या कलम 34एबी खाली. वेल्थ टॅक्स 2015 मध्येच गेला पण ही नोंदणी पुढेही चालू राहिली, आपल्याकडच्या गमतीजमती. त्याचा नोंदणी नंबर आणि शिक्का रिपोर्टवर असलाच पाहिजे, तो बघूनच पैसे द्यावेत.

आता आईच्या बोरमाळेची गोष्ट. आमच्या घरात ती कायम "सहा तोळ्यांची". जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ 70 ग्रॅम व्हायला हवी. काट्यावर ठेवली तर 58.4 भरली. आईचा चेहरा पडला. त्यावर व्हॅल्युअर म्हणाला थांबा, हे ग्रॉस वजन, मण्यांच्या आत लाखेचं भरण आहे. माळेत एक मणी कधीचा चेपून फुटलेला आहे, त्यातली लाख गळून गेलीय, आई तो मणी नेहमी मानेमागे लपवायची. त्याने नेमका तोच वेगळा काढून तोलला, 0.78 ग्रॅम, मग शेजारचा भरलेला मणी तोलला, 1.21. मणी एकूण 48. कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि सोन्याचं निव्वळ वजन लिहिलं 37.4 ग्रॅम. मशीनने शुद्धता दाखवली साधारण 20 कॅरेट, 22 नव्हे. ते मशीन वरवरचाच थर वाचतं म्हणून त्याने कसोटीवर घासूनही पाहिलं. आई घरी येईपर्यंत बोलली नाही. पण आम्ही सहा तोळे म्हणून विमा काढला असता तर दरवर्षी जास्तीचा हप्ता भरला असता आणि क्लेमच्या वेळी कंपनीने तपासणी करून 37 ग्रॅमचेच पैसे दिले असते.

म्हणून रिपोर्टमध्ये प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ मागून घ्या. ग्रॉस वेगळं, नेट वेगळं, कॅरेट, खडे किती आणि कसले, त्या दिवशीचा दर, तारीख आणि फोटो, फोटो दोन्ही बाजूंनी. हिरे कोंदणात असले तर त्यांचं वजन अंदाजाने काढतात, म्हणून हिऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं असेल तर तेही जोडा. हॉलमार्क असेल तर त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी ओळखक्रमांक लिहून घ्या, 1 एप्रिल 2023 पासून दुकानात तो नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो आपल्यालाही तपासता येतो. आजीपणजीच्या दागिन्यांवर तो नसणारच, त्याचा काही गुन्हा नाही. आणखी एक, गोल्ड लोनच्या वेळी बँकेने दिलेली वजनाची स्लिप म्हणजे व्हॅल्युएशन नव्हे, तिथे खडे-मोती वजा करून फक्त सोनं धरतात आणि तेही जपून.

कंपनीला काय विचारायचं? घडणावळ धरतात का, की फक्त सोन्याची किंमत. हे तोंडी नको, ईमेलवर घ्या. 2021 च्या एप्रिलपासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते, तिच्यात दागिने ठरलेल्या किमतीवर जोडून घेता येतात, आणि दागिन्यांची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल व एकही वस्तू 1 लाखाच्या वर नसेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत. पण आजच्या भावात एक पाटली लाखाच्या वर जाते, तेव्हा ती सवलत बऱ्याच जणींना नावापुरतीच. दुसरी मेख आपल्या गोव्याला खास लागू पडते. बऱ्याच पॉलिसींत घर सलग 30 दिवसांहून जास्त बंद असलं तर चोरीचं कव्हर चालत नाही, आणि आपल्याकडे आखातात, जहाजावर, लिस्बनला गेलेल्यांची किती घरं सहा सहा महिने कुलपात असतात ते वेगळं सांगायला नको. तेव्हा पॉलिसी वाचा बाबांनो.

कोणी म्हणेल लॉकर आहे ना, मग कशाला विमा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग, दरोडा किंवा बँकेच्याच माणसाने केलेली लबाडी, अशा वेळी बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पट एवढीच. भाडं 2000 असेल तर 2 लाख. आणि पूर वगैरे नैसर्गिक आपत्ती असेल तर तेही नाही. 23 जुलै 2021 ला सत्तरी, डिचोलीकडे पाणी कुठवर चढलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा मुद्दा लगेच कळेल.

काही जणींना भीती असते की कागद केला की इन्कम टॅक्सवाले येतील. 1994 पासूनच्या सूचनेनुसार झडतीतसुद्धा लग्न झालेल्या बाईचं 500 ग्रॅम, न झालेल्या मुलीचं 250 आणि पुरुषाचं 100 ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करत नाहीत. आणि हा रिपोर्ट आपल्या फायलीत राहतो, फक्त जो विमा देणार त्याला जातो.

नाहीतरी गोंयकाराला सोन्याच्या कागदाचं महत्त्व सांगायची गरज पडू नये. बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेकडे गहाण असलेलं इथल्या लोकांचं सोनं 1961 मध्ये लिस्बनला गेलं ते परत यायला 1991 उजाडलं, तीस वर्षं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशी गहाणाची पोर्तुगीज पावती देवाच्या फोटोमागे ठेवायच्या, अक्षर वाचता येत नव्हतं तरी.

कंपनीशी वाद झाला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तक्रार ऑनलाइनही जाते. नणंदेने ती केली नाही, अर्ज करून दमले म्हणाली.

तुमच्या वर्तमानपत्राला एकच विनंती. तालुक्यातालुक्यात नोंदणी असलेले व्हॅल्युअर कोण आहेत, ते घरी येतात का, फी काय घेतात, अशी यादी चवथीआधी एकदा छापाल का? मला फोंड्यात शोधायला तीन आठवडे गेले आणि शेवटी मडगावला जावं लागलं.

आईची बोरमाळ यंदा तिच्या गळ्यात असेल. फुटलेला मणी तिने बदलू दिला नाही.

आपली,
एक नियमित वाचक, फोंडा