ओस्लोच्या रानकामगारांना, ट्रॅफल्गार चौकातून

सप्रेम नमस्कार.

खरं तर तुम्ही पाठवता ते झाड हेच एक आभारपत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे राजे सातवे होकून आणि त्यांचं सरकार लंडनच्या आश्रयाला होतं. त्याची आठवण म्हणून १९४७ पासून ओस्लो शहर दर नाताळला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उभारायला एक स्प्रूस, म्हणजे सुयांसारख्या पानांचं सदाहरित झाड, देतं. आभाराचे आभार मानणं म्हणजे आहेराला परत आहेर. पण आपल्याकडे ती रीतच आहे. शिवाय तोडणीच्या समारंभात महापौर आणि राजदूत यांचे फोटो निघतात, तुमचे क्वचितच.

वीस मीटरहून उंच, पन्नास-साठ वर्षांचं आणि चारी बाजूंनी भरलेलं झाड रानात आयतं मिळत नाही. दाटीतला स्प्रूस उजेडासाठी नुसता वर धावतो. सावलीतल्या खालच्या फांद्या वाळून गळतात, आणि ज्या बाजूला शेजारी खेटून असतो ती बाजू कायमची बोडकी राहते. म्हणून तुम्ही झाड आधीच हेरून ठेवता, भोवतालची झाडं काढून त्याला मोकळं करता, वर्षानुवर्षं लक्ष ठेवता. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

नोव्हेंबरातली तोडणी तर जोखमीचीच. एवढं झाड आडवं पडू दिलं तर पडत्या बाजूच्या सगळ्या फांद्या त्याच्याच वजनाखाली मोडतील. म्हणून आधी बुंध्याला पट्टे बांधून क्रेन ताण घेते, मग करवत चालते, आणि झाड उभंच्या उभं बुडख्यावरून उचललं जातं. मग फांद्या बुंध्याकडे ओढून दोरांनी आवळायच्या. इथे घाई नडते. कडाक्याच्या थंडीत फांदी ठिसूळ होते. झटका दिला की वाकायच्या ऐवजी कडकन तुटते.

पुढे जहाज, मग लॉरी. चौकात क्रेनने झाड उभं करायलाच काही तास जातात. बुंध्याचं टोक थोडं तासून खड्ड्यात उतरवतात आणि भोवती डझनभर लाकडी पाचरी ठोकतात. बस्स, दुसरा आधार नाही. तारा नाहीत, टेकू नाहीत. वाऱ्यात ते शिडासारखं ताणलं जातं आणि सगळा भार त्या पाचरींवर येतो. बुंधा किमान चार फूट जमिनीत असतो. तोडलेला स्प्रूस कोरडा पडला की सुया झपाट्याने गाळतो. बाहेरची थंडी त्याला मानवते. तेच झाड उबदार दिवाणखान्यात आठवड्याभरात झाडूला काम देतं.

आता दरवर्षीची कुरकुर: ‘झाड विरळ आहे.’ प्रवासभर आवळलेल्या फांद्या दोर सोडल्याबरोबर खाली येत नाहीत, आपल्या वजनाने सैलावायला त्यांना काही दिवस लागतात. उभारणीच्या दिवशीचा फोटो म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाचा फोटो. दुसरं कारण दिवे. सुमारे पाचशे पांढरे दिवे, तुमच्या पद्धतीने शेंड्यापासून सरळ खाली सोडलेल्या माळांत. गोल गुंडाळलेल्या झगमगाटात फटी लपतात, या उभ्या रेघांत त्या दिसतात. आम्हाला तेच आवडतं. काही शहरांत खोडाला भोकं पाडून सुट्या फांद्या खोचतात. त्यापेक्षा रानात वाढलं तसं दिसणारं झाड बरं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते उतरवून त्याचा भुगा करतात आणि तो झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून घालतात. तोवर तुमच्या रानात पुढच्या झाडाभोवतीची जागा मोकळी झालेली असेल. त्या कामाचेही आगाऊ आभार.

आपले,
झाडांच्या कामातली काही मराठी माणसं, लंडन