हत्याराआधी पोलाद तपासा

महोदय,

लाकडी कोरीवकाम शिकणारी बरीच मुले हल्ली छोट्या पटाश्या आणि कोरण्या भंगारातून घडवतात. हा उत्साह टिकला पाहिजे, म्हणूनच हे पत्र. त्यांची सर्वाधिक मेहनत फुकट जाते ती बांधकामावरच्या टीएमटी सळईवर. मानकानुसार ‘एफई ५००’ दर्जाच्या सळईत कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. कोरीवकामाची धार टिकायला तो किमान ०.६ टक्के हवा. अशा सळईला कितीही पाणी द्या (म्हणजे लाल तापवून तेलात वा पाण्यात बुडवून कडक करा), शिसवात धार मुडपतेच.

जुनी कानस, बेअरिंगची कडी, गाडीच्या कमानीचा पाटा (लीफ स्प्रिंग) हा खात्रीचा माल. मात्र काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंडच. कानशीचे दातही पूर्ण घासून काढावेत, नाहीतर पाणी देताना त्यांच्या खाचेतूनच तडा जातो.

माल कोणता ते ओळखायला ग्राइंडरवर घासून ठिणगी पाहताना तुलनेसाठी एक खिळा आणि एक चांगली कानस शेजारी ठेवावी. खिळ्याच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या. कानशीच्या आखूड, दाट, फुलबाजीसारख्या. मंद तांबड्या, जवळजवळ न फुटणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर ते हायस्पीड स्टील, म्हणजे ड्रिलच्या टोकांना वापरतात ते मिश्र पोलाद. त्याला भट्टीत घालू नये. त्याला पाणी द्यायला सुमारे १२०० अंश उष्णता लागते आणि ती घरच्या भट्टीत सांभाळता येत नाही. ते थंडच घासून आकाराला आणावे.

ठिणगीवर मात्र विसंबू नये. खरा निकाल तोडून पाहिल्यावरच लागतो. त्याच मालाचा पातळ तुकडा लाल तापवावा. लोहचुंबक चिकटेनासे झाले की किंचित अधिक तापवून कोमट खाद्यतेलात बुडवावा. मग फडक्यात गुंडाळून, चष्मा लावून, पकडीत धरून हातोडी मारावी. वाकला तर माल निकामी. कटकन मोडला आणि मोडलेले तोंड बारीक दाण्याचे, राखाडी दिसले तर उत्तम. तोंडावर जाड, चकाकते दाणे दिसले तर पोलादाला दोष देऊ नये. ते जास्त तापले आहे, पुन्हा कमी तापवून पाहावे.

चांगला निघालेला माल घडवून, पाणी देऊन झाल्यावर ठिसूळपणा कमी करण्यासाठी लगेच २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवावा. घासलेल्या भागावर फिकट पिवळा रंग येतो. निळा आला तर धार मऊ पडली समजावे. सहाणेच्या यंत्रावर घाईने घासतानाही पातळ धार अशीच निळी पडते, म्हणून ती वारंवार पाण्यात बुडवावी.

जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत कधीही घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. बंद शॉकअॅब्सॉर्बर तापवला तर स्फोट होऊ शकतो.

आयटीआय आणि हस्तकला प्रशिक्षण केंद्रांनी कानस, पाटा, बेअरिंग, सळई आणि हायस्पीड स्टील यांचे नाव लिहिलेले, मोडून दाखवलेले तुकडे वर्गात ठेवावेत, अशी विनंती आहे. खर्च जवळपास शून्य आहे. ते सगळे भंगारातच मिळते.

– एक वाचक, सावंतवाडी