'क्वांटिफायर्स' धड्यातील चुकांबाबत चौथी आणि अखेरची तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,

विषय: आपल्या इंग्रजी व्याकरण ॲपमधील चुकीची उत्तरे आणि ग्राहक सेवेने केलेला अपमान.

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवेशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले आणि यापुढे फोन करायचा नाही, जे काही असेल ते लेखी कळवायचे, असे मी ठरवले. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या बारा मुलांसाठी आपल्या ॲपची वार्षिक वर्गणी मी स्वतःच्या पगारातून भरली. प्रत्येकी 1,800 प्रमाणे 21,600 रुपये झाले. तक्रार 'क्वांटिफायर्स' या धड्याविषयी आहे, म्हणजे 'मच', 'मेनी', 'लिटल', 'फ्यू' अशा प्रमाण किंवा संख्या दाखवणाऱ्या शब्दांविषयी.

सराव संच तीनमधील सातवा प्रश्न पाहा: 'वी हॅड (रिकामी जागा) मिल्क लेफ्ट, सो वी मेड टी.' पर्याय आहेत 'लिटल', 'अ लिटल' आणि 'फ्यू'. माझ्या वर्गातील एका मुलीने 'अ लिटल' निवडले, तर ॲपने लाल फुली मारून 'लिटल' हे बरोबर उत्तर असल्याचे सांगितले. तिने ते वाक्य वहीत आधीच उतरवून ठेवले होते. त्यातला 'अ' तिने खोडरबराने इतका घासला की कागद विरला. दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे धरून तिने विचारले, "बाई, दूध पुरेसं नव्हतंच, तर मग चहा कसा केला?" 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच आणि 'अ लिटल' म्हणजे थोडे का होईना, पण आहे, हा फरक तेरा वर्षांच्या मुलीला वाक्याच्या अर्थावरून कळतो, आणि ज्यांनी धडा लिहिला, तपासला व विकायला काढला त्यांच्यापैकी कोणालाच तो कळला नाही, हे मला सहन होत नाही.

हीच चूक 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांच्या बाबतीत आणखी पाच प्रश्नांत आहे. त्याशिवाय धड्याच्या सुरुवातीला मराठीत एक नियम दिला आहे: 'ज्या नामाचे मराठीत अनेकवचन होते, ते मोजण्याजोगे समजावे.' हा नियम कोणी शोधून काढला ते मला ठाऊक नाही, पण त्याने माझ्या वर्गाचे मोठे नुकसान केले आहे. मराठीत आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, आपले केस पांढरे होतात आणि घरी तांदूळ निवडले जातात. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज' आणि 'राइस' ही नामे मोजली जात नाहीत, आणि डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून 'हेअर' असे एकवचनीच म्हणतात. म्हणून तिथे 'मच' लागते, 'मेनी' लागत नाही, आणि एखादाच सल्ला सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे लागते. मराठी बोलणारे मूल नेमके इथेच अडखळते, त्यामुळे मराठीतून इंग्रजी शिकवण्याचा दावा करणाऱ्याने इथेच त्याचा हात धरायला हवा होता. आपण त्याला उलट्या वाटेला लावले, आणि चाचणीत बारापैकी नऊ मुलांनी 'मेनी ॲडव्हायसेस' लिहिले.

'लेस' आणि 'फ्यूअर' या 'कमी' अशा अर्थाच्या दोन शब्दांविषयी थोडक्यात लिहिते. मोजता येणाऱ्या नामाआधी 'फ्यूअर' वापरावे, ही शिकवण योग्यच आहे आणि मीही ती देते. पण इंग्रजीच्या वापराविषयी लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर याने 1770 मध्ये ही गोष्ट मांडली तेव्हा ती त्याची पसंती होती, आणि त्याच्या कित्येक शतके आधीपासून इंग्रजीत 'लेस' मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या अशा दोन्ही नामांआधी वापरले जात होते. अंतर, काळ आणि पैसा यांच्या बाबतीत तर आजही 'लेस दॅन टेन किलोमीटर्स' असेच म्हणतात, कारण तिथे एकेक किलोमीटर मोजायचा नसून सगळे अंतर मिळून एक धरायचे असते. आपल्या ॲपने या वाक्याला फुली मारली आहे. दुसरीकडे 'एव्हरी ऑफ द बुक्स' हे उघड चुकीचे वाक्य मात्र त्याने बरोबर धरले आहे. तिथे 'इच ऑफ' किंवा 'एव्हरी वन ऑफ' याखेरीज गत्यंतर नाही.

आता कालच्या फोनविषयी. आधीच्या तीन वेळा मला तक्रार क्रमांक मिळाला आणि 'संबंधित विभागाला कळवले आहे' हे वाक्य मिळाले. काल मी प्रतिनिधीला दुधाचे वाक्य वाचून दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, 'लिटल' काय नि 'अ लिटल' काय, मराठीत दोन्हीचा अर्थ थोडेच होतो." मी त्याला म्हटले, "तुम्ही आत्ता 'थोडेच' म्हणालात. 'थोडे दूध आहे' आणि 'थोडेच दूध आहे' ही दोन वाक्ये तुमच्या घरी सारखी आहेत का? पहिले ऐकून आई चहाचे आधण ठेवते आणि दुसरे ऐकून कोणाला तरी दूध आणायला पाठवते. आपला 'च' जे काम करतो, तेच काम तिकडे 'अ' गाळल्याने होते." तो काही बोलला नाही. त्याने मला अकरा मिनिटे होल्डवर ठेवले. परत आल्यावर कोणाला तरी विचारून आल्यासारखा तो म्हणाला, "वरिष्ठ सांगतायत की धडा बरोबर आहे. मराठी मीडियमच्या मुलांना हा टॉपिक जड जातो, त्यांना बेसिक कोर्स घ्यायला सांगा. तुम्हाला डिस्काउंट देतो."

ज्या मुलीने बरोबर उत्तर दिले, तिला मराठी माध्यमाची म्हणून आणखी एक कोर्स विकायला निघालात. मी अकरा मिनिटे थांबले ती हे ऐकण्यासाठी. आपल्या जाहिरातीत 'मातृभाषेतून आत्मविश्वासाने इंग्रजी' असे लिहिले आहे आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून मी इतर ॲप्स नाकारली होती, म्हणून माझी निराशा अधिक आहे. पुस्तकात चूक सापडली तर मी फळ्यावर दुरुस्त करू शकते; ॲपची फुली मात्र मुले घरी एकटी बसून पाहतात, बाईंपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवतात आणि स्वतःचे बरोबर उत्तर खोडून टाकतात.

या पत्रापासून पंधरा दिवसांत धड्यातील उत्तरे आणि तो मराठी नियम दुरुस्त करावा, बारा मुलांचे कापलेले गुण परत द्यावेत, मराठी माध्यमाविषयीच्या वाक्याबद्दल लेखी माफी मागावी आणि 21,600 रुपये परत करावेत. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. सर्व प्रश्नांचे स्क्रीनशॉट आणि मिळालेले तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत.

त्या मुलीच्या वहीतला विरलेला 'अ' मी माझ्या हाताने पुन्हा लिहून दिला आहे. ॲपमधील फुली मला काढता येत नाही. ती आपल्यालाच काढावी लागेल.

आपली ग्राहक,
इंग्रजी विषय शिक्षिका