दादाच्या गोळ्या कमी केल्या, त्याबद्दल

नागपूर

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र वाचलं. कॅन्सर निघाला आणि डॉक्टर दादाच्या किडनी बदलल्यानंतरच्या गोळ्याच कमी करतात, यावर तू भडकलास. अरे राजा, त्या गोळ्या कमी करणं हाच पहिला उपचार आहे.

बायोप्सीची स्लाइड मी स्वतः पाहिली. विषाणूचा माग काढणाऱ्या ईबीईआर तपासणीत जिकडेतिकडे गडद तपकिरी केंद्रकं होती, म्हणजे त्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू आहे. 90 टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत आयुष्यभर मुक्काम करतो आणि टी पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, त्याला डोकं वर काढू देत नाहीत. आईंनी दिलेली किडनी टिकावी म्हणून दादाच्या टी पेशी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या गोळ्यांनी दाबून ठेवाव्या लागल्या. पहारा ढिला पडला आणि बी पेशी वाढत सुटल्या.

1964 साली एपस्टाइन, एचाँग आणि बार यांना हा विषाणू सापडला तो बर्किट लिम्फोमा या बी पेशींच्या कॅन्सरमध्ये, आफ्रिकेतल्या मुलांच्या गाठींत. तिथे तो फार लबाड असतो. बहुतेक प्रथिनं बनवणंच थांबवतो, ईबीएनए-1 हे एक प्रथिन तेवढं ठेवतो, आणि त्याचे तुकडे करून टी पेशींपुढे मांडणं पेशीला जड जातं. हॉजकिन लिम्फोमा या दुसऱ्या कॅन्सरमध्ये टी पेशी भोवती गर्दी करून असतात, पण कॅन्सरच्या पेशी पीडी-एल1 नावाचं प्रथिन पुढे करून त्यांना थोपवतात. दादासारख्या, प्रत्यारोपणानंतरच्या गाठीत मात्र विषाणूला लपायची गरजच पडलेली नसते. बहुधा त्याची बरीच प्रथिनं उघडी असतात. टी पेशींना जोर आला की त्या ती ओळखू शकतात. माझी आशा त्यावरच आहे.

काहींची गाठ एवढ्यानंच विरते. नाही विरली तर रिटुक्सिमॅब हे औषध आहे, ते बी पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटून त्या पेशी मारतं. शरीर किडनी नाकारेल ही तुझी भीती खरी आहे, म्हणून तर किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन सारखं बघायचं. वहिनींना सांग, डोस आपल्या मनानं एका गोळीनंही बदलायचा नाही. ताप आला, सूज आली, लघवी कमी झाली तर लगेच फोन करायचा.

आणि आई. ‘माझ्याच किडनीतून हे गेलं का’ असं त्या विचारतात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. किडनी बदललेल्या मोठ्या माणसांत ही गाठ बहुतेक वेळा रुग्णाच्याच पेशींची असते. त्यांच्याजवळ बसून हे सांग, आजच सांग.

पेट स्कॅनला याल तेव्हा लॉज बघू नका. धंतोलीपासून आमचं घर जवळच आहे. आईंनाही घेऊन ये.

तुझा,
संजय