घरी बोलावून दागिने विकायचे तर

टिळकवाडी, बेळगाव
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार.

गौरीच्या आधी निवडक बायकांना घरी बोलावून नथी, कुड्या, ठुश्या, तन्मणी विकायचं ठरवलंयस, हे बेष्ट झालं. पण त्याच पत्रात विचारलंयस, पुढे संक्रांतीला हेच हळदीकुंकवाला जोडून घेऊ का? नको. हळदीकुंकवाला आलेली बाई पाकीट आणत नाही. तिला अजून चार घरं गाठायची असतात, आणि वाण हातात घेतल्यावर समोर किमतीच्या चिठ्ठ्या दिसल्या की ती अवघडते. भिडेपोटी दीडशेचे कानातले घेते आणि पुढच्या वेळी तुझं बोलावणं टाळते. बोलावणं वेगळं आणि बाजार वेगळा. दोन्ही एका दिवशी केलंस तर एकही धड होत नाही.

म्हणून निरोपातच सगळं उघड लिही. "हाताने केलेल्या दागिन्यांची विक्री आहे, किंमत १५० ते ३,००० रुपये, तुमची वेळ ४ ते ५, त्या वेळेला सहाजणीच असतील." एवढं पुरे. "सहज या चहाला" असं लिहू नकोस, ती फसवणूक वाटते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नकोस, एकेकीला वेगळा निरोप धाड. सोबत तीनच फोटो, तेही कुठे न दाखवलेल्या नगांचे. सगळा माल फोटोत पाहून झाला तर घरी यायचं कारणच उरत नाही.

एकूण चोवीसजणी बोलव. तीन ते सात, तासाला सहा. सहापेक्षा जास्त झाल्या की आरशापाशी रांग लागते, आणि दागिना अंगावर न घालता कोणी घेत नाही. खरं सांगायचं तर विकणारा आरसाच असतो, आपण फक्त शेजारी उभ्या. तीन हवेत: एक कमरेपासून वरचं दिसेल असा भिंतीला टेकवलेला, दोन हातात धरायचे. बायका काठापदराची साडी नेसून थोडीच येणार, म्हणून खुर्चीच्या पाठीवर दोन साड्या टाकून ठेव, एक शहापुरी, एक काळी चंद्रकळा. खांद्यावर पदर घेऊन तन्मणी पाहिला की निर्णय लगेच होतो.

मालाचा हिशोब असा. चोवीसजणींना शंभर नग पुरतात. त्यातले चाळीस-पंचेचाळीस १५० ते ४०० रुपयांचे (कुड्या, चापाच्या नथी, साधे वेल), पस्तीसेक ५०० ते १,२०० चे, पंधरा त्यावरचे, आणि तीन-चार असे की जे विकले नाहीत तरी चालतील. हे शेवटचे फार कामाचे. ३,००० चा पाचपदरी तन्मणी शेजारी असला की ९०० ची ठुशी बरी वाटते. एका नमुन्याचे दोनाहून जास्त नग मांडू नकोस. आठ सारख्या नथी ओळीने दिसल्या की बाईच्या मनात येतं, हे हातचं कसलं, घाऊक आणलेलं दिसतंय. बाकीचे आतल्या खोलीत डब्यात ठेव.

किंमत काढताना तू मजुरी धरतच नाहीस, हे तुझ्या यादीवरून दिसलं. एका तन्मणीचं गणित मांडते. मोती, खोड (मधलं खड्यांचं पदक), रेशीम, गोंडा मिळून २६० रुपये. अडीच तास काम, तासाला १०० धरले तर २५०. डबी आणि पिशवी २५. चहा-फराळ, निरोप, दिवे असा दिवसाचा खर्च २,४०० होईल आणि साठ नग जातील असं धरलं तर नगामागे ४०. झाले ५७५. त्यावर तीस टक्के चढव, म्हणजे ७५० च्या आसपास. तू ४५० लिहिलेत. त्या भावात शंभर विकलेस तरी तुझी पुरी मजुरी सुटणार नाही.

घासाघीस होणारच. "घरचीच आहेस की" हे वाक्य आलं की भाव कमी करू नकोस, त्याऐवजी दोन नगांवर खणाची बटवी दे. एकीला पन्नास सोडलेस की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं, आणि पूर्ण पैसे देऊन गेलेल्या मैत्रिणीला ते लागतं.

मांडणीला तू खण अंथरायचं म्हणतेस. गुळेदगुड्डचा खण दिसायला देखणा खरा, पण त्याच्या चमकत्या विणीवर मोत्याची कुडी हरवते. खाली साधं, गडद, बिनचमकीचं सुती कापड घाल, मेंदी किंवा मरून रंगाचं. खण फक्त कडेला. शिंप्याकडे खणाच्या चिंध्या मिळतात, त्यांच्या बटव्या होतात. टेबलावर सगळं आडवं पसरू नकोस, कापडाखाली बुटांची खोकी उपडी घालून दोन-तीन पायऱ्या कर, गळ्यातलं उभं दिसायला हवं. दिवा वरून एकच नको, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी हवा. फार पिवळा दिवा मोती मळकट दाखवतो, पांढराफेक दिवा मुलामा फिका दाखवतो, मधला घे. आणि चार्जिंगचा एक दिवा आधीच भरून ठेव. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे पाऊस आला की वीज कधी जाईल सांगता येत नाही.

आता बिघडतं कुठे ते. नथीची तार २४ गेजची घे, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. २२ ची घेतलीस तर काहींच्या टोचलेल्या नाकात जात नाही, २६ ची घेतलीस तर दोनदा वाकवल्यावर आकार सोडते. चापाच्या नथीचा चाप प्रत्येकीवर तपास: स्वतःच्या नाकाला लावून दहा मिनिटं बस. दुखला तर सैल कर, मान झुकवल्यावर पडला तर घट्ट. रेशमाचा दोरा वजनाने ताणतो. गाठवण्याआधी तो रात्रभर खाली वजन बांधून लटकव, नाहीतर महिन्याभरात मोत्यांमध्ये फटी पडतात आणि बाई म्हणते मोती कमी घातलेत. ठुशीच्या गोंड्याची सरकगाठ पाच-सात वेळा वरखाली करून बघ, नवा दोरा निसटतो. कुड्यांच्या फिरक्या दहा-बारा जादा ठेव. हाताळताना एक तरी सोफ्याखाली जातेच.

कानातले टोचून घालून बघू देऊ नकोस. आरशापाशी कानाला धरून दाखव, आणि अगदीच आग्रह झाला तर स्पिरिटच्या बोळ्याने आधी आणि नंतर पूस. ज्याला बायका काळी चांदी म्हणतात ते बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर असतं, तांबं, निकेल आणि जस्त यांचं. त्यात चांदीचा कणही नसतो आणि निकेलने काहींचे कान खाजतात, सुजतात. चिठ्ठीवर ते स्पष्ट लिही. खऱ्या ९२५ चांदीचे नग, म्हणजे शेकडा साडेब्याण्णव चांदी, वेगळ्या ताटात ठेव आणि चिठ्ठीवर वजन ग्रॅममध्ये टाक. चांदीकामाची हुपरी तुला इतकी जवळ की चांदीतलं कळणारी बाई तुझ्या गिऱ्हाइकांत हमखास असणार. मुलाम्याच्या नगाला सोन्याचं म्हणायचं नाही, "पितळेवर सोन्याचा मुलामा" असंच लिहायचं.

बांगड्या ठेवणार असशील तर मापाचा घोळ ध्यानात घे. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नव्हे, दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. २.८ म्हणजे अडीच. म्हणूनच २.८ नंतर २.१० येतं. आकडा दशांश समजून ऑर्डर दिलीस तर सगळा ढीग हाताला लहान किंवा मोठा येतो. २.४ आणि २.६ जास्त ठेव. सहा-सात रिकामी कडी मापाला ठेवलीस तर विकायच्या बांगड्यांची ओढाताण होत नाही.

कानडी बोलणाऱ्या शेजारणींना वगळू नकोस, निम्मी गिऱ्हाइकी तिथेच आहे. चिठ्ठीवर आकडे इंग्रजी घाल, म्हणजे कोणालाच विचारावं लागत नाही. बुगडी दोन्हीकडे बुगडीच. पण त्या करिमणी मागतील तेव्हा काळ्या मण्यांची सर त्यांच्या पद्धतीची हवी, आपल्या दोन वाट्यांचं मंगळसूत्र पुढे करून चालत नाही. त्यांच्याकडच्या कानातल्यांचे, बेंडोलीचे, दोन जोड करून बघ.

खायचं बघ. भजी, चिवडा नको, तेलाचे हात मोत्याच्या सरीला लागले की रेशीम पिवळं पडतं. मांडे तर अजिबात नको, पिठीसाखर खोडाच्या खड्यांत जाऊन बसते. आधी चहा, तोही मांडणीपासून लांब, आणि पैसे देऊन झाल्यावर निघताना चमच्यासकट वाटीत कुंदा. तो मी इथून धाडीन.

पैशाला वेगळं टेबल आणि वेगळं माणूस. तुझ्या नणंदेला बसव, तू आरशापाशी. प्रत्येक नगाला नंबर दे, वहीत नंबर, किंमत, कोणी घेतला, रोख की फोनपे. सुटे म्हणून शंभराच्या वीस, पन्नासच्या वीस, दहाच्या तीस नोटा. जाड भिंतींच्या घरात रेंज मिळत नाही, क्यूआर दारापाशी लाव. उधारी नाहीच. ऑर्डर घेताना निम्मे आगाऊ, आणि गौरीच्या आत किती होतील ते आधी मोजून तेवढ्याच घे. दिवसाला तीन तन्मणी होत असतील तर आठ दिवसांत चोवीस नव्हे, अठरा धर. घरात सणाची कामंही आहेत.

एक कोरडी गोष्ट. कर्नाटकातल्या कर्नाटकात विकतेस तोवर मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण वही ठेवच; २०२५ मध्ये इथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरूनच नोटिसा आल्या होत्या. पेट्या घेऊन कागल किंवा कोल्हापूरला विकायला गेलीस की ती दुसऱ्या राज्यातली विक्री होते आणि ४० लाखांची ती सवलत तिथे चालत नाही. हातकामाच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सूट आहे, तिच्या अटी आहेत. पाऊल टाकण्याआधी सीएला विचार. आपल्याला सीमा एवढीशी वाटते, कायद्याला नाही वाटत.

तारीख गौरी बसायच्या दहा-बारा दिवस आधीची धर, म्हणजे ऑर्डरी वेळेत पोचतात. अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा लागतो, तेव्हा कोणी नवं घेत नाही, त्यामुळे उरलेला माल तसाच पडतो. पुढची विक्री तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईला. मधल्या १ नोव्हेंबरच्या आसपास इकडे बेळगावला ठेवायचा विचार करू नकोस, एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, बायका बाहेरच पडत नाहीत.

उरलेला माल दमट हवेत उघडा ठेवू नकोस. एका नगाला एक झिपची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. गिऱ्हाइकालाही तेच सांग: अत्तर, पावडर आधी, दागिना शेवटी, आणि काढल्यावर कोरड्या मलमलीने पुसून मगच डबीत.

पाहुण्यांची यादी झाली की पाठव. चोवीसच्या वर गेली असेल तर नावं खोडायला मी आहेच.

तुझीच,
बेळगावची मैत्रीण